एकल बॅगपाइप स्पर्धांचे मान्यताप्राप्त परीक्षक कसे व्हावे

एकल बॅगपाइप स्पर्धेत वादक एकटा व्यासपीठावर येतो, वाद्य जुळवतो, परीक्षकांनी त्याच्या यादीतून निवडलेली रचना वाजवतो आणि निघून जातो. त्या काही मिनिटांमागे वर्षानुवर्षांचा रियाज असतो आणि त्याचा निकाल टेबलामागे बसलेली एक, दोन किंवा तीन माणसे देतात. या निर्णयाला परीक्षकाचा कान, त्याची जाण आणि त्याचा प्रामाणिकपणा यांखेरीज दुसरे माप नाही. म्हणून परीक्षक होऊ इच्छिणाऱ्याने वादक म्हणून मिळवलेली पात्रता आणि परीक्षक म्हणून मिळवायची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुरुवातीलाच पक्के समजून घेतले पाहिजे. पहिली नसेल तर दुसरी मिळत नाही, आणि पहिली असली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

आजची मान्यतेची पद्धत अशी का घडली, हे थोडा इतिहास पाहिल्यास कळते. लंडनच्या हायलँड सोसायटीने १७८१ मध्ये स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथे पाइपवादनाची स्पर्धा भरवली आणि तेथून संघटित स्पर्धांची परंपरा सुरू झाली. पुढे इन्व्हरनेसची नॉर्दर्न मीटिंग आणि ओबानचे आर्गाइलशायर गॅदरिंग ही दोन ठिकाणे एकल वादनाची सर्वोच्च व्यासपीठे ठरली, आणि हायलँड सोसायटीचे सुवर्णपदक आजही या दोन्ही ठिकाणी दिले जाते. मात्र दीर्घकाळ परीक्षकांच्या खुर्चीत बहुधा जमीनदार, सरदार घराण्यांतील मंडळी आणि लष्करी अधिकारी बसत. त्यांच्यातील काही जण जाणकार होते, पण अनेकांनी स्पर्धेत कधी पाइप वाजवला नव्हता. ज्यांचे वादन तोलायचे ते त्या कलेवर पोट भरणारे, आणि तोलणारे बरेचसे हौशी, ही विसंगती वादकांना सतत खटकत राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेले नामांकित स्पर्धक परीक्षक म्हणून येऊ लागले तेव्हा ती दूर होत गेली. उच्च श्रेणीत स्पर्धा केल्याचा पुरावा आज जवळजवळ सर्वत्र मागितला जातो, त्याचे मूळ येथे आहे, आणि ही अट मला पूर्णपणे योग्य वाटते.

मान्यता कोण देते

एकल परीक्षकांसाठी जगभर चालणारे एकच प्रमाणपत्र नाही. ज्या प्रदेशात तुम्हाला परीक्षण करायचे आहे, तेथील संघटनेच्या किंवा तेथील आयोजकांना मान्य असलेल्या यादीत तुमचे नाव असावे लागते. ब्रिटनमध्ये मोठ्या एकल स्पर्धांचे आयोजक स्वतः परीक्षकांना निमंत्रण देतात. तेथे वादकांची श्रेणी कॉम्पिटिंग पाइपर्स असोसिएशन ठरवते, पिब्रॉक या अभिजात प्रकारासाठी १९०३ मध्ये स्थापन झालेल्या पिब्रॉक सोसायटीचा शब्द वजनदार मानला जातो, आणि एकल परीक्षकांची सोलो पाइपिंग जजेस असोसिएशन ही स्वतंत्र संस्थाही काम करते. रॉयल स्कॉटिश पाइप बँड असोसिएशनचे परीक्षक प्रामुख्याने बँडसाठी असतात, त्यामुळे तिच्या यादीत नाव असणे आणि एकल स्पर्धेचा परीक्षक असणे यांत गल्लत करू नये.

उत्तर अमेरिकेत हे काम प्रादेशिक संघटना करतात. तेथे राहणाऱ्या मराठी वादकांनी आपली संघटना आधी ओळखून घ्यावी. न्यू जर्सी व पूर्व किनाऱ्यासाठी ईस्टर्न युनायटेड स्टेट्स पाइप बँड असोसिएशन, कॅलिफोर्नियासाठी वेस्टर्न युनायटेड स्टेट्स पाइप बँड असोसिएशन, शिकागोच्या परिसरासाठी मिडवेस्ट पाइप बँड असोसिएशन, टोरांटोसाठी १९४७ मध्ये स्थापन झालेली पाइपर्स अँड पाइप बँड सोसायटी ऑफ ओंटारिओ आणि व्हँकूव्हरसाठी १९३२ पासूनची बीसी पाइपर्स असोसिएशन. यांच्या नावांत ‘बँड’ असले तरी एकल स्पर्धा, वादकांच्या श्रेणी आणि परीक्षकांच्या याद्या ही कामेही याच संस्था पाहतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही राष्ट्रीय संघटना आहेत.

सर्वांत पहिले काम म्हणजे आपल्या संघटनेचे सभासदत्व घेणे आणि तिच्या नियमपुस्तिकेतील परीक्षकांविषयीचा भाग शब्दशः वाचणे. किमान श्रेणी कोणती, स्पर्धेचा अनुभव किती, शिफारसपत्रे किती, लेखी परीक्षा आहे का, उमेदवारीचा काळ किती, या सर्व बाबी संस्थेनुसार बदलतात. एका संघटनेतील मित्राने सांगितलेल्या वाटेवर विसंबून दुसऱ्या संघटनेकडे अर्ज केल्यास तो परत येण्याची शक्यता मोठी असते.

वादक म्हणून पाया

उत्तर अमेरिकेत हौशी वादकांच्या श्रेणी साधारणपणे चौथीपासून पहिलीपर्यंत चढत जातात आणि त्यांच्या वर खुली किंवा व्यावसायिक श्रेणी असते. ब्रिटनमध्ये सी, बी, ए आणि प्रीमियर अशी चढण आहे. परीक्षकपदासाठी अर्ज करणारा बहुतेक वेळा यांतील सर्वांत वरच्या पायरीवर काही वर्षे टिकलेला आणि तेथे बक्षिसे मिळवलेला असावा, अशी अपेक्षा असते. ओबान किंवा इन्व्हरनेसच्या सुवर्णपदकासाठी बसणाऱ्या परीक्षकाकडून तर त्या पदकाच्या तोडीची कामगिरी अपेक्षित असते. इन्व्हरनेसची क्लास्प ही स्पर्धा आधी सुवर्णपदक जिंकलेल्यांसाठी असते, आणि १९७४ पासून ब्लेअर कॅसलमध्ये होणाऱ्या ग्लेनफिडिक स्पर्धेत वर्षभरातील मोजक्या विजेत्यांनाच बोलावले जाते. अशा वादकांसमोर बसणाऱ्याने ती वाट स्वतः तुडवलेली असावी, हे ओघानेच आले.

एक प्रश्न येथे नेहमी उभा राहतो. शिक्षक म्हणून उत्तम नाव आहे, संगीताची जाण सखोल आहे, पण स्पर्धेत वरच्या श्रेणीपर्यंत जाता आले नाही, अशा व्यक्तीने काय करावे? काही संघटना खालच्या श्रेणींच्या परीक्षणासाठी अशा व्यक्तींचा विचार करतात. तरीही माझा सल्ला असा की, वय आणि प्रकृती साथ देत असेल तर आधी चार-पाच हंगाम स्पर्धेसाठी द्यावेत. व्यासपीठावर चँटर, म्हणजे बोटांनी सूर वाजवायची नळी, दगा देतो तेव्हा वादकाच्या पोटात काय होते, हे अनुभवलेल्या परीक्षकाच्या शेऱ्यात जी नेमकी समज उतरते, ती पुस्तकातून येत नाही.

औपचारिक शिक्षणाची बाजूही भक्कम असावी. स्कॉटलंडमध्ये पाइपिंग अँड ड्रमिंग क्वालिफिकेशन्स बोर्डच्या पायरी-पायरीने चढणाऱ्या परीक्षा आहेत आणि त्यांत वादनाबरोबर संगीतशास्त्रही तपासले जाते. ग्लासगोच्या नॅशनल पाइपिंग सेंटरमध्ये समोरासमोर आणि ऑनलाइन शिक्षण मिळते. १९४४ मध्ये स्थापन झालेले कॉलेज ऑफ पाइपिंग २०१८ मध्ये याच संस्थेत विलीन झाले. या परीक्षांनी परीक्षकपद मिळत नाही. पण लेखी परीक्षेच्या वेळी आणि पुढे शेरे लिहिताना त्यांतील शिस्त पदोपदी कामी येते.

हे महाराष्ट्रातून करू पाहणाऱ्यांना अवघड आहे, पण अशक्य नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीसारख्या रेजिमेंटच्या पाइप बँडमधून तयार झालेले वादक हाताने पक्के असतात. त्यांना उणीव भासते ती एकल स्पर्धेच्या अनुभवाची आणि पिब्रॉकच्या तालमीची. ऑनलाइन शिकवणी आणि २०२० नंतर रुळलेल्या ऑनलाइन स्पर्धा यांतून सुरुवात करता येते, परंतु मान्यता मिळवायची तर काही हंगाम प्रत्यक्ष परदेशी व्यासपीठांवर काढावेच लागतात.

कान तयार करणे

बॅगपाइपचा चँटर नऊ स्वर देतो: लो जी, लो ए, बी, सी, डी, ई, एफ, हाय जी आणि हाय ए. त्याखाली तीन ड्रोन, म्हणजे एकच स्वर धरून ठेवणाऱ्या नळ्या, अखंड वाजत असतात. दोन टेनर ड्रोन लो ए च्या एक सप्तक खाली आणि बास ड्रोन दोन सप्तके खाली. आपल्याकडे तानपुऱ्यावर कान घडलेल्या माणसाला येथे एक मोठी सोय आहे. लो ए ला षड्ज धरले की चँटरवर खमाज थाटाचे स्वर मिळतात आणि लो जी हा मंद्र सप्तकातला कोमल निषाद ठरतो. वाद्य पियानोच्या समान विभागणीत जुळवलेले नसते, ते ड्रोनच्या उपस्वरांशी जुळवलेले असते. म्हणून परीक्षकाने प्रत्येक स्वर ड्रोनच्या संदर्भातच ऐकायला शिकले पाहिजे. बास ड्रोनमधून पंचमाचा उपस्वर ठळक उमटतो, त्यामुळे चँटरचा ई किंचित जरी हलला तरी लगेच खुपतो. मध्यम, म्हणजे डी, ड्रोनच्या उपस्वरांत सापडत नाही, म्हणून तो तपासणे कठीण जाते. हाय जी, म्हणजे वरचा कोमल निषाद, नेमका कोठे ठेवावा याबाबत उत्तम वादकांतही फरक आढळतो. तेथे परीक्षकाने स्वतःची आवड हाच नियम मानू नये.

आजच्या एकल वाद्यांचा लो ए साधारण ४७० ते ४८० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे प्रमाण बी फ्लॅटपेक्षाही थोडा वर असतो. पण यंत्र घेऊन स्वराची उंची मोजणे हे परीक्षकाचे काम नाही. ड्रोन एकमेकांत मिसळून एकसंध नाद देतात की सूर न जुळल्याने त्यांत थरथरते ठोके ऐकू येतात, रचना पुढे जाते तसा एखादा टेनर उतरतो का, वरच्या स्वरांवर जाताना हाताचा दाब ढिला पडून स्वर बसतो का, हे त्याने ऐकायचे. रियाजासाठी एक सोपा उपाय आहे. स्वतःच्या वाद्याचा एक टेनर मुद्दाम केसभर चढवून ध्वनिमुद्रण करावे, पुढच्या मुद्रणात चँटरचा ई उतरवावा, त्यापुढच्या मुद्रणात बास, आणि काही आठवड्यांनी ही मुद्रणे क्रम बदलून ऐकत दोष ओळखून लिहावा. महिन्याभरात कान कमालीचा सावध होतो.

कानाची प्रकृतीही सांभाळावी. वादकाच्या कानाशी बॅगपाइपची तीव्रता सहज १०० डेसिबलच्या घरात जाते, आणि परीक्षकपदाच्या वयाला पोहोचेपर्यंत बहुतेकांनी दशकानुदशके ती सोसलेली असते. उंच आवृत्तीचे स्वर प्रथम मंदावतात आणि माणसाला ते कळतही नाही. अर्ज करण्यापूर्वी श्रवणचाचणी करून घ्यावी आणि पुढेही ती ठरावीक काळाने करावी.

बोटांची तपासणी

बॅगपाइपचा नाद थांबवता येत नाही आणि त्याचा जोरही कमी-जास्त करता येत नाही. त्यामुळे दोन सारखे स्वर वेगळे करणे, एखाद्या मात्रेवर भार देणे, हे सारे ग्रेसनोट, म्हणजे मुख्य स्वराआधी क्षणभर उमटणारे छोटे स्वर, आणि त्यांच्या जुळणीतून करावे लागते. परीक्षकाला या जुळण्या तुकड्या-तुकड्याने ऐकता आल्या पाहिजेत. उदाहरणार्थ टाओरलुआथ घ्या. लो जी, त्यावर डी ग्रेसनोट, पुन्हा लो जी, आणि ई ग्रेसनोट देत लो ए वर उतरणे, एवढे सगळे निमिषात घडते. चांगल्या हातात दोन्ही लो जी स्पष्ट आणि समान ऐकू येतात. दुसरा लो जी गिळला गेला की जुळणी दाबली जाते, आणि पहिलाच लांबला की ती अडखळते. दोन्ही दोष कानाला ‘काहीतरी चुकले’ एवढेच सांगतात, परंतु वादकाला उपयोग व्हायचा तर दोहोंपैकी नेमका कोणता, हे सांगता यायला हवे.

याउलट डी थ्रोचे, म्हणजे डी स्वरावर जाताना घ्यायच्या जुळणीचे, पाहा. ही जुळणी हलकी किंवा भारी अशा दोन प्रकारे वाजवली जाते आणि दोन्ही मान्य आहेत. स्वतः भारी थ्रो वाजवणाऱ्या परीक्षकाने हलक्या थ्रोचे गुण कापले तर तो दोष परीक्षकाचा ठरतो. वादकाने निवडलेला प्रकार सर्वत्र सारखा आणि स्वच्छ आहे का, एवढेच तपासावे. हाताची मोठी बदलाबदल होताना मध्येच उमटणारा नको तो स्वर, करंगळी उचललेली राहिल्याने चुकीचा लागणारा सी, घाईत एकसारखा न पडणारा बर्ल (लो ए वर करंगळीने झटपट काढायची दुहेरी जुळणी), यांची स्वतःची एक यादी करावी आणि प्रत्येक दोषाचे मुद्रण संग्रही ठेवावे.

हलके संगीत आणि पिब्रॉक

एकल स्पर्धेत दोन मोठे विभाग असतात. मार्च, स्ट्रॅथस्पे, रील, जिग आणि हॉर्नपाइप या चालण्याच्या आणि नृत्याच्या धुनांना मिळून हलके संगीत म्हणतात. पिब्रॉक हे त्याहून जुने, विस्तृत, अभिजात संगीत. बऱ्याच संघटनांत या दोहोंची मान्यता स्वतंत्रपणे दिली जाते, आणि सुरुवात हलक्या संगीताने करणे बहुतेकांना सोयीचे पडते.

हलक्या संगीतात परीक्षकाची मुख्य कसोटी लय असते. मार्च पावलांना उचलणारा हवा. स्ट्रॅथस्पेमध्ये चार मात्रांचे जोर-कमजोर नाते आणि लांब-आखूड स्वरांची टोकदार विभागणी टिकली पाहिजे, आणि रीलमध्ये तीच ऊर्जा गोलाईने वाहती राहिली पाहिजे. मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील सलग वाजवताना एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याचा क्षण फार बोलका असतो. पहिल्या दोन मात्रांतच नवी लय बसली की वादक मुरलेला आहे, आणि चार-सहा मात्रा चाचपडला तर कच्चेपणा उघड होतो. मेट्रोनोमवरची गती एवढाच निकष धरणारा परीक्षक या विभागाला न्याय देऊ शकत नाही.

पिब्रॉकसाठी मात्र वेगळीच तयारी लागते. रचनेचा पाया म्हणजे उर्लार. त्यानंतर शूबल किंवा दिथिस, मग वर पाहिलेल्या जुळणीवर उभा असलेला आणि तिचेच नाव असलेला टाओरलुआथ आणि शेवटी क्रुनलुआथ, कधी त्यापुढे क्रुनलुआथ अ माख, असे विस्तार चढत जातात आणि अखेरीस उर्लारच्या सुरुवातीकडे परत येऊन वादन संपते. एक रचना आठ-दहा मिनिटांपासून वीस मिनिटांपर्यंत चालते. प्रत्येक विस्तार आधीच्यापेक्षा थोडा पुढे सरकला पाहिजे, पण कोठेही उडी जाणवू नये. हे बांधकाम अखंड धरून ठेवणे हीच वादकाची परीक्षा आहे, आणि ते अखंड ऐकणे ही परीक्षकाची.

पिब्रॉक पूर्वी कँटरॉख्त या बोलांच्या पद्धतीने तोंडी शिकवला जाई. १७९७ ची कॅम्बेल कँटरॉख्त हस्तलिखिते, १८२० च्या सुमाराचा डोनाल्ड मॅकडोनाल्डचा संग्रह, अँगस मॅकेचा १८३८ चा संग्रह आणि पुढे पिब्रॉक सोसायटीने छापलेले खंड यांत एकच रचना अनेकदा वेगवेगळ्या रूपांत सापडते. ‘छापील खंडात असे नाही’ एवढ्यावरून वादकाला चूक ठरवणाऱ्या परीक्षकाने तोच विस्तार मॅकडोनाल्डच्या संग्रहात पाहिलेला नसेल, तर अन्याय होतो. टाओरलुआथमधील जास्तीच्या लो ए वरून विसाव्या शतकात जाणकारांत दीर्घ वाद झाला. अशा वादांची दोन्ही बाजूंनी माहिती असावी. शैलीच्या परंपराही ओळखता आल्या पाहिजेत. कॅमेरॉन आणि मॅकफर्सन ही दोन घराणी, इन्व्हरनेसचे जॉन मॅकडोनाल्ड, त्यांचे बाल्मोरल येथील शिष्य रॉबर्ट ब्राऊन आणि रॉबर्ट निकोल, अशा साखळ्यांतून वाक्यांश कसे तोलले जातात, कॅडेन्समधील (वाक्यांशाच्या तोंडी येणाऱ्या उतरत्या स्वरगटातील) ई किती लांबवला जातो, हे बदलत गेले. जुनी ध्वनिमुद्रणे संहिता समोर ठेवून ऐकणे, आणि प्रत्येक रचना स्वतः गाऊन पाहणे, याला पर्याय नाही. मोठ्या स्पर्धांसाठी सोसायटी दरवर्षी नेमलेल्या रचनांची यादी आधी जाहीर करते. परीक्षक होण्याची इच्छा असलेल्याने दरवर्षी ती यादी आपण उद्याच खुर्चीत बसणार आहोत अशा तयारीने अभ्यासावी.

स्टुअर्ड म्हणून काम

अर्जाच्या एक-दोन हंगाम आधी स्टुअर्डचे काम मागून घ्यावे. वादकांना क्रमाने बोलावणे, त्यांच्या रचनांची यादी परीक्षकाकडे देणे, निवड वादकाला कळवणे, जुळवणीच्या वेळेवर लक्ष ठेवणे, हे काम मानाचे वाटत नाही. पण परीक्षकाच्या शेजारी बसून दिवसभर स्पर्धा ऐकण्याची अशी संधी दुसरीकडे मिळत नाही. वेळापत्रक का कोलमडते, वादक गैरहजर राहिला तर काय करतात, पावसात निर्णय कोण घेतो, हे सारे येथे कळते. आयोजकही तुम्हाला ओळखू लागतात, आणि पुढे निमंत्रणे तेच देतात.

अर्ज, परीक्षा आणि उमेदवारी

अर्जासोबत स्पर्धेतील कामगिरीचा तपशील वर्ष, ठिकाण, प्रकार आणि क्रमांक यांसह द्यावा. जुने निकाल शोधण्यात वेळ जातो, म्हणून ते आधीपासून एका वहीत नोंदवून ठेवावेत. शिफारस मागताना केवळ गुरूकडे न जाता, ज्यांनी तुमचे वादन अनेकदा परीक्षिले आहे आणि ज्यांच्याशी तुमचा शिकवणीचा संबंध नाही, अशा ज्येष्ठ परीक्षकांकडे जावे. त्यांच्या शब्दाला अधिक वजन असते.

लेखी परीक्षा असेल तेथे प्रश्नांचे साधारण तीन प्रकार संभवतात: स्वरलेखन व संगीतशास्त्र, संघटनेचे नियम, आणि प्रसंग. तिसऱ्या प्रकाराची तयारी बहुतेक जण करत नाहीत. वादकाने दिलेल्या यादीत नसलेली रचना वाजवली, शेजारच्या मैदानात बँड सुरू झाल्याने वादक विचलित झाला, एक विस्तार पूर्ण गळाला पण बाकीचे वादन सर्वांत सरस होते, अशा प्रसंगी नियम काय सांगतो आणि तुम्ही काय कराल, याची उत्तरे लिहून ज्येष्ठांकडून तपासून घ्यावीत.

त्यानंतर येते सावलीतले परीक्षण, आणि संपूर्ण वाटेवर मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच टप्पा. उमेदवार अधिकृत परीक्षकापासून थोडा दूर बसतो, तीच स्पर्धा ऐकतो, स्वतःचे शेरे आणि क्रमवारी लिहितो, पण त्याचा निकाल धरला जात नाही. स्पर्धा संपल्यावर दोघांचे कागद समोरासमोर ठेवले जातात. क्रमवारी तंतोतंत जुळावी अशी अपेक्षा कोणीही करत नाही. तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेला वादक ज्येष्ठांनी पहिला का ठेवला, आणि तुमच्या निर्णयामागे काय कारण होते, हे तुम्ही शांतपणे, वाद्य, लय, बोटे आणि रचनेची जाण या चौकटीत सांगू शकता का, हे पाहिले जाते. निकाल ऐकून घाईघाईने स्वतःचा क्रम बदलणारा उमेदवार येथे कमी पडतो, आणि एक शब्दही न ऐकता आपल्या क्रमाला चिकटून राहणारासुद्धा. शक्यतो वेगवेगळ्या ज्येष्ठांच्या सावलीत, वेगवेगळ्या श्रेणींसाठी बसावे. चौथ्या श्रेणीच्या लहान मुलांचे परीक्षण खुल्या श्रेणीपेक्षा सोपे असते, हा समज पहिल्याच दिवशी गळून पडतो. तेथे प्रत्येकाकडे दोष असतात आणि कोणता दोष किती मोठा हे ठरवताना कस लागतो.

शेरा कसा लिहावा

उत्तर अमेरिकेतील स्पर्धांत वादकाला परीक्षकाच्या हातचा लेखी शेरा मिळतो. स्कॉटलंडच्या मोठ्या स्पर्धांत परंपरेने फक्त निकाल जाहीर होतो, पण परीक्षकाने नोंदी ठेवायच्याच असतात. वादन चालू असताना लिहावे लागते आणि लिहिताना ऐकणे थांबता कामा नये, म्हणून स्वतःची संक्षिप्त चिन्हे ठरवून त्यांचा सराव करावा.

‘छान वादन. ड्रोन हलले. सराव वाढवा.’ असा शेरा घेऊन घरी गेलेल्या मुलाला उद्या सकाळी काय करायचे हे कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘बाहेरचा टेनर मार्चच्या दुसऱ्या भागापासून उतरला. तिसऱ्या भागात टाओरलुआथमधील दुसरा लो जी ऐकू आला नाही. स्ट्रॅथस्पेमध्ये पहिल्या मात्रेवरचा भार उत्तम, परंतु चौथ्या मात्रेला घाई झाल्याने लय पुढे ढकलली गेली. रीलची सुरुवात आत्मविश्वासाची आणि बोटे शेवटपर्यंत स्वच्छ.’ यात ठिकाण आहे, दोष आहे, गुणही आहे, आणि शिक्षकाच्या हाती दिल्यास पुढच्या शिकवणीचा आराखडा तयार होतो. लहान वादकांच्या बाबतीत एक दोष निवडून त्यावर भर द्यावा. सात दोषांची यादी वाचून मूल वाद्य खाली ठेवते.

क्रमवारी लावताना पहिल्या वादकाचे नाव कागदाच्या मध्यावर लिहावे आणि प्रत्येक नवे नाव त्याच्या वर किंवा खाली, शेजारच्या नावाशी तुलना करून बसवावे. मोठ्या सुवर्णपदकाच्या स्पर्धेत पंचवीसेक स्पर्धक दिवसभर वाजवतात. सकाळी नऊला वाजवलेला पहिला वादक दुपारी चारला आठवावा यासाठी प्रत्येकाच्या वादनातली एक ठळक खूण नोंदवून ठेवावी. आरंभीच्या वादकांबाबत हात आखडता घेण्याची आणि थकव्यानंतर शेवटच्यांना उदार होण्याची प्रवृत्ती प्रत्येकात असते. आपल्यात ती कोणत्या दिशेने आहे हे सावलीतल्या काळात तपासून घ्यावे.

तीन परीक्षकांच्या बाकावर आधी प्रत्येकाने स्वतंत्र यादी पूर्ण करावी आणि मगच चर्चा करावी. नवख्याने ज्येष्ठांच्या चेहऱ्याकडे पाहून मत बनवले तर तिघांऐवजी एकाचेच परीक्षण होते. वादन मोडणे, रचनेचा भाग गळणे, ड्रोन बंद पडणे यांबाबत स्पर्धेचा नियम काय आहे हे सकाळीच आयोजकांकडून खात्री करून घ्यावे, कारण पिब्रॉकमध्ये मोठी चूक झालेला वादक सहसा बक्षिसांच्या यादीतून बाहेर जातो. जुळवणी हा मूल्यमापनाचा भाग नाही असे मानण्याची रीत आहे, म्हणून रचनेचा पहिला स्वर लागेपर्यंत पेन खाली असावे.

संबंध आणि आचरण

एकल पाइपवादनाचे जग लहान आहे. वर्षानुवर्षे एकमेकांना शिकवणारी, एकमेकांच्या हाताखाली वाजवणारी माणसे शेवटी टेबलाच्या दोन बाजूंना येतात. म्हणून हितसंबंधांचे नियम कडकपणे पाळावेत. स्वतःच्या सध्याच्या शिष्याचे किंवा नातेवाइकाचे परीक्षण करण्याची वेळ येणार असल्यास निमंत्रण स्वीकारतानाच आयोजकांना लेखी कळवावे. संघटनेचा नियम सैल असला तरी मी स्वतः माघार घेण्याच्या बाजूचा आहे, कारण निकाल बरोबर असला तरी उरलेल्या स्पर्धकांच्या मनातला संशय कोणत्याही स्पष्टीकरणाने जात नाही. रीड (नळीत स्वर उमटवणारी पाती), चँटर किंवा पाइप यांच्या विक्रीत तुमचा वाटा असेल तर तेही जाहीर करावे. स्पर्धा चालू असताना वादकांशी वादनाबद्दल बोलू नये आणि समाजमाध्यमांवर कोणाच्याही वादनावर टिप्पणी करू नये. निकालानंतर वादक विचारायला आला तर नोंदी काढून त्याच्याच वादनाबद्दल बोलावे, दुसऱ्याशी तुलना टाळावी.

काही संघटना खुल्या श्रेणीतील सक्रिय वादकाला खालच्या श्रेणींचे परीक्षण करू देतात. वरच्या व्यासपीठांवर मात्र स्पर्धा करणे आणि परीक्षण करणे या दोहोंतून एक निवडावे लागते. हा निर्णय सोपा नसतो आणि तो घाईत घेऊ नये, कारण स्पर्धेची सवय सुटली की परतणे कठीण जाते.

यादीत आल्यानंतर

मानधन बेताचे असते, म्हणून प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कोण देणार हे निमंत्रणाच्या पत्रातच स्पष्ट करून घ्यावे. मैदानी खेळांच्या मेळाव्यात होणाऱ्या स्पर्धेत टेबल बँडच्या सरावाच्या जागेपासून दूर, वाऱ्याच्या उलट बाजूला मांडून मागावे. वादक पिब्रॉक वाजवताना संथ चालतो आणि त्याचे ड्रोन क्षणोक्षणी दिशा बदलतात, तेव्हा खुर्ची फार जवळ ठेवल्यास एकच ड्रोन कानात भरतो. शिसपेन्सिली, पाणी, उबदार कपडे आणि नेमलेल्या रचनांच्या संहिता सोबत असाव्यात.

पहिली एक-दोन वर्षे बहुधा परिवीक्षेची असतात आणि त्या काळात वादक व आयोजक यांचे अभिप्राय संघटनेकडे जातात. परीक्षकांची चर्चासत्रे चुकवू नयेत. काही ठिकाणी यादीत टिकण्यासाठी ती बंधनकारक असतात. हलक्या संगीतात दोन-तीन हंगाम स्थिर झाल्यावर पिब्रॉकच्या मान्यतेसाठी स्वतंत्र अर्ज करावा आणि त्यासाठी सावलीतले परीक्षण पुन्हा नव्याने करण्याची तयारी ठेवावी.